कोमलची बारी

जावयाला आधी ताट, जावयाला आधी चहा, जावयाला अंघोळीला आधी पाणी. हे सगळं राजनंदिनीला कबूल होतं. पहिला दिवाळसण होता, मान तर व्हायलाच पाहिजे. पण लढाईतही जावयाचा नंबर पहिला? हे कुठल्या पोथीत लिहिलंय?

"अगं आई, दोनच पडले ना त्यांचे!" ती तिसऱ्यांदा म्हणाली. "फाशात दोन! माऊलीचे अकरा, राक्षसाचे चौदा, ताईचे एकोणीस. ज्याचा आकडा मोठा, त्याची बारी आधी. दाजी शेवटी."

"फाशाला काय कळतंय मानपानातलं?" अनुसयाबाई चकल्यांचं ताट घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "लोक काय म्हणतील? साखरा गावात जावयाला शेवटी बसवत्यात व्हय?"

"बसवलं न्हाई, लढाईला उभं केलंय."

"मंग तर अजूनच वाईट!"

राजनंदिनीने कपाळाला हात लावला. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर चौघं बसलेली. राजनंदिनी, तिची थोरली बहीण कोमल, कोमलचा नवरा शिवप्रसाद आणि मेंढरंवाल्यांचा माऊली. मधे वीस तोंडांचा एक निळा फासा आणि दोनशे पानी वही. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने, म्हणजे राजनंदिनीने, गोष्ट सांगायची आणि राक्षसही चालवायचा, बाकीच्यांनी आपापला माणूस काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. राजनंदिनी नांदेडला शिकायला होती तेव्हा हॉस्टेलच्या पोरींकडून हा खेळ शिकून आली, आणि नियम स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या मराठीत लिहून काढले. तीन वर्षं दर रविवारी खेळ चालला. पेरणी असो, काढणी असो, रविवार चुकला नाही. मग कोमलचं लग्न झालं आणि सगळं बंद पडलं.

कोमलच्या खेळातल्या बाईचं नाव रानजाई. पहिल्याच रविवारी ढोलपोट्या राक्षसाने तिच्या गावची नदी पिऊन टाकली होती, आणि रानजाईने शपथ घेतली होती की ह्याच्या तोंडात माझ्या हाताने भाला घालीन. ढोलपोट्याचं अंग दगडाचं, मऊ जागा एकच, तोंडाच्या आत. आणि तोंड तो पाणी प्यायलाच उघडायचा. तीन वर्षं तो हुलकावण्या देत होता. आज शेवटी गुहेत सापडला होता. चार वाजता सेनगावची जीप येणार होती, कोमल सासरी जाणार होती, आणि आता नागपंचमीशिवाय काही येत नव्हती. त्यामुळे राजनंदिनीच्या जिवाला एकच घोर होता. तो भाला आज सुटला पाहिजे, आणि तो ताईच्याच हातून सुटला पाहिजे.

शिवप्रसादला खेळात घ्यायची हौस तिला मुळीच नव्हती. पण कोमलच हळूच म्हणाली होती, "त्यांनाबी घे ना, नंदू. एकटेच बसून राहिलेत." घेतलं. त्याने आपल्या माणसाचं नाव सेनापती वज्रबाहू ठेवलं. तेही चालवून घेतलं.

"लाव की बाई त्यांचा नंबर आधी," बाजेवर पडल्या पडल्या संपतराव म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "एका नंबरानं कोणतं आभाळ कोसळून राहिलंय?"

आता बापही तिकडून! राजनंदिनीने दात-ओठ खाल्ले आणि वहीत सगळ्यात वर लिहिलं, वज्रबाहू. तिथंच ती फसली. बोट दिलं की माणूस मनगट धरतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही.

वज्रबाहूने तलवार चालवली, फाशात चार पडले, तलवार दगडावर घासून ठिणग्या उडाल्या. "वा, जावईबापू!" अनुसयाबाई म्हणाल्या. राजनंदिनीने आईकडे नुसतं पाहिलं.

मग कोमलची बारी आली. लग्नाआधीची कोमल ओसरीवर पुन्हा आल्यासारखी झाली. पदर खोचून ती पुढे सरकली. "रानजाई दगडाआड बसती. भाला राखीव. त्यानं तोंड उघडलं की भाला सरळ आत."

"राखीव म्हणजे काय?" शिवप्रसादने विचारलं.

राजनंदिनीने समजावून सांगितलं. एक फेरी म्हणजे सहा सेकंदांची लढाई. फेरीत प्रत्येकाला आपल्या बारीला एक काम करता येतं, आणि बारी नसताना एक पलटवार. काम लगेच करायचं नसेल तर ते राखून ठेवायचं, की अमुक झालं की मी तमुक करीन. ते अमुक झालं, की राखलेलं काम पलटवार म्हणून सुटतं. एवढं साधं आहे.

शिवप्रसादने मान डोलावली आणि वहीच उचलून मांडीवर घेतली. हा माणूस वाशीमकडच्या एका शाळेत लिपिक. परिपत्रक वाचून त्यातून वाट काढण्यात त्याची दहा वर्षं गेलेली. तो एका हाताने चकली मोडत पानं चाळायला लागला.

राक्षसाची बारी. एका बारीत तीन कामं फक्त राक्षसालाच चालायची. त्याने आधी शेपटी वज्रबाहूवर आदळली.

"थांबा! माझा पलटवार. मी उडी मारून चुकवतो."

फासा टाकला, चुकवली. ठीक आहे, नियमातच आहे. मग राक्षसाने माऊलीच्या माणसावर दगड भिरकावला.

"थांबा! पलटवार. मी ढाल आडवी घालतो."

"दाजी, तुमचा पलटवार झाला एकदा."

"इथं लिहिलंय," शिवप्रसादने वहीवर बोट ठेवलं, "पलटवार आपली बारी नसताना करता येतो. किती वेळा, ते लिहिलेलं नाही."

"पुढच्या पानावर हाय. फेरीत एकदाच."

"पुढच्या पानावरचं कलम मागच्या पानाला लागू आहे, असं कुठं लिहिलंय?"

आता बोला! ही वही राजनंदिनीने लिहिली होती, मोबाईलचा टॉर्च लावून, तो तोंडात धरून लाइट नसतानाही लिहिली होती, आणि हा माणूस तिलाच कलम शिकवत होता.

"होऊ दे की गं," चहा ठेवता ठेवता अनुसयाबाई म्हणाल्या. "तेवढीच हौस."

"जाऊ द्या," माऊली सावकाश म्हणाला. "लागू द्या मला दगड. मला काय तकलीफ न्हाई."

माऊलीला दगड लागला. साडेतीन वाजले. राजनंदिनीने खोल श्वास घेतला, आवाज खाली आणला आणि कोमलच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "गुहेच्या छतातून पाण्याची एक धार गळून राहिली. ढोलपोट्याला तहान लागली. तो मान वर करतो, आणि तोंड उघडतो."

कोमलने फासा मुठीत घेतला.

"थांबा!"

राजनंदिनीला वाटलं, वही उचलावी आणि ह्या जावयाच्या डोक्यात घालावी.

"त्यानं तोंड उघडायच्या आधीच मी जबड्यात तलवार घालतो," शिवप्रसाद म्हणाला. "बघा, कोमलचं काय आहे? उघडल्यावर. माझं काय? उघडायच्या आधी. आधीचं आधी होणार, नंतरचं नंतर. सरळ हिशोब आहे."

"त्यानं उघडलंय दाजी! मी सांगितलं तवाच तुमाला कळलं ना? मंग आधी कसं येईल?"

"पण मी तयारीत होतो."

"तयारीत होते तर तुमच्या बारीला सांगायचं! ताईनं सांगितलं, राखून ठेवलं, दगडामागं बसून राहिली. तुमी तलवार चालवली. एका माणसाचं एकच काम!"

"आवाज खाली कर," अनुसयाबाई कडाडल्या. "कोणाशी बोलून राहिलीस?"

"आई, तू मधे पडू नको!"

"मेव्हणीबाई," शिवप्रसाद हसला, पण हसू ओठांपुरतंच होतं, "शेवटी खेळ आहे. पाहुण्याला एवढी संधी द्यायला काय हरकत?"

कोमल फासा मुठीत धरून बघत होती. एकदा नवऱ्याकडे, एकदा बहिणीकडे.

तेवढ्यात माऊली बोलला. माऊली बोलायला वेळ लावायचा, म्हणून तर तीन वर्षांपूर्वी कोमलनेच हट्टाने एक नियम करून घेतला होता. आपली बारी आली की सहा मोजायच्या आत बोलायचं, नाहीतर बारी गेली. पण आत्ता कोणाचीच बारी नव्हती, म्हणून तो आरामात बोलला.

"पाव्हणं, आमच्याकडं एक कुत्रं हाय. लांडग्याचा वास आला की मी त्याला सोडतो. ते गेलं वढ्याच्या अंगानं, आन् दुसऱ्या बाजूनं दुसरा लांडगा आला, तर मी काय करू? कितीबी वरडलो तरी कुत्रं एकच. ते परत येऊस्तर दुसऱ्यांदा सोडता येत न्हाई." त्याने चहाचा घोट घेतला. "तुमचं कुत्रं शेपटीमागं गेलंय. कोमलचं अजून दावणीलाच हाय."

बाजेवर संपतरावांनी डोळे उघडले. "बराबर बोलला," ते म्हणाले.

झालं! राजनंदिनीला माऊलीच्या पाया पडावंसं वाटलं. कलमाने जे झालं नाही ते कुत्र्याने केलं. पण शिवप्रसादचा चेहरा उतरला होता. त्याने वही मिटली, सतरंजीवर ठेवली, आणि शर्टावरचे चकलीचे कण झटकत उठला.

"खेळा तुम्ही. जीप यायची वेळ झाली. बॅगा बघतो."

अनुसयाबाईंनी राजनंदिनीकडे असं पाहिलं की तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर तिथंच विरघळलं असतं. राजनंदिनी हलली नाही.

"ताई, तोंड उघडं हाय. फेक."

कोमलने मूठ वर नेली. आणि तशीच थांबली. दारात पाठमोऱ्या उभ्या नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "अहो... फेकू का?"

ही कोमल? जिने माऊलीसारख्या गरीब माणसाला सहा मोजून मोजून रडकुंडीला आणलं होतं, ती?

"फेक ना," शिवप्रसाद न वळताच म्हणाला. "मी कुठं नाही म्हणतो? तुमच्या घरचे नियम."

"तुमीच टाका मंग," कोमलने फासा त्याच्यापुढे केला. "या ना. बसा ना."

"ताई! एक," राजनंदिनी मोजायला लागली. "दोन."

"नंदू, गप."

"नियम तुझाच हाय. तीन. चार."

कोमल तिच्या कानाशी वाकली. "तुझा नियम ह्या ओसरीवर चालतो गं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मला तिकडं नांदायचंय. आज त्यांचं तोंड वाकडं झालं, तर ते किती दिस वाकडं ऱ्हातंय हे मला म्हाईत हाय. तुला न्हाई."

"पाच," राजनंदिनी म्हणाली.

सहा तिने म्हटलंच नाही. अख्खी दुपार ज्या नियमांसाठी ती सगळ्यांशी भांडली होती, त्यातलाच एक तिला आता पाळता येईना. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. दोनदा, मग तिसऱ्यांदा लांबलचक.

मग नुसती धांदल. करंज्यांचा डबा, लाडवांचा डबा, तुरीच्या डाळीची पिशवी, कोमलच्या कपाळाला कुंकू, संपतरावांच्या पाया पडणं, मेंढरांची वेळ झाली म्हणून माऊलीने निरोप घेणं. शिवप्रसाद जीपमधे पुढच्या सीटवर बसला. कोमल मागे, बायकांच्या गर्दीत. तिने हात हलवला तोही मूठ मिटूनच. धूळ उडाली आणि जीप गेली.

"जावयाचं तोंड पाडून पाठवलंस," अनुसयाबाई म्हणाल्या. "लेकीचा विचार न्हाई केलास."

राजनंदिनीला रडायला येत होतं. आई म्हणते ते खरंही असेल, आणि तरी ती चुकली होती असंही तिला वाटत नव्हतं. तिने सतरंजी झटकली. फासा नव्हता. तिने बाजेखाली बघितलं, चुलीपाशी बघितलं, चकल्यांच्या ताटात बघितलं. "एक वस्तू जागेवर सापडंल तर शपथ ह्या घरात!" ती एकटीच ओरडली.

दिवेलागणीला मोबाईल वाजला. कोमलचा मेसेज. सेनगावला जीप सोडून धरलेली एसटी कनेरगाव नाक्याला थांबली होती, सगळे चहाला उतरले होते.

"सहा म्हणली न्हाईस ना तू?"

"न्हाई," राजनंदिनीने लिहिलं.

"मंग बारी माझीच व्हती. ते चहा घेऊन राहिलेत. मी सीटवर टाकला."

राजनंदिनी उभी राहिली. किती, असं तिने विचारायच्या आत पुढचा मेसेज आला.

"तीन पडले. चुकला भाला. पण फेकला मीच. कोणाला इचारलं न्हाई."

राजनंदिनी ओसरीच्या पायरीवर बसली. वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने, खाली दोन रेघा ओढून लिहिलेला नियम तिला पाठ होता. फासा सगळ्यांच्या देखत टाकायचा, पाठीमागं टाकलेला धरणार नाही. एकदा माऊलीने माळावर बसून एकट्याने टाकलेले वीस तिने बाद केले होते आणि तो आठवडाभर बोलला नव्हता. पण तीन कोण खोटं सांगतं? तिने वही उघडली, त्या लाल नियमाखाली लिहिलं, "ताईला सोडून." मग लढाईच्या पानावर लिहिलं, रानजाई, तीन, चुकला. ते लिहिताना डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ती हसतही होती.

"काय लिहून राहिलीस?" आतून अनुसयाबाई आल्या. वहीचं पहिलं पान उघडून त्यांनी दिव्याच्या उजेडात वाचलं. "म्हंजे जावयाला सूट द्यायला जीव जात व्हता, आन् हिला दिली?"

"व्हय," राजनंदिनी नाक पुसत म्हणाली. "दिली."

अनुसयाबाईंनी वही तिच्या मांडीवर परत ठेवून विचारलं, "लागला का मंग तिचा भाला?"