वरच्या माळाचे पाणी

सारजाबाईंच्या ओसरीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेतच साधनाची पदवी टांगलेली होती. भूगर्भशास्त्र शिकलेली माले गावातली ती पहिलीच मुलगी. त्यामुळे पाहुणा आला की चहाआधी त्याला ती चौकट पाहावी लागे. आमची नात दगडाचे बोलणे जाणते, असे सारजाबाई ऐटीत सांगत आणि पाहुणा निमूट मान डोलावी.

त्या घरात सारजाबाईंचा शब्द कधी खाली पडत नसे. दोन वर्षांपूर्वी वरचा माळ विकायचे त्यांनीच ठरवले. मुरमाड, उतरता, नाचणीसुद्धा धड न येणारा तो तुकडा एका बंगलेवाल्याने आपण होऊन मागितला होता. खालच्या भातखाचरांना मात्र हात लावायचा नाही, असे त्यांनी मुलाला, कैलासला, बजावले. खाचरांच्या वरच्या बांधाशी बारमाही झरा होता आणि त्याच्या काठी साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवतांचे, सात शेंदरी दगड. सारजाबाई नवी नवरी होऊन आल्या, तेव्हा सासूने पहिली कळशी तिथेच भरायला लावली होती.

व्यवहाराच्या बैठकीला सारी भावकी जमली होती. साधना आतून आली आणि माळ विकू नका म्हणाली. पाऊस त्याच मुरमात मुरतो, खडकाच्या थरांवरून सरकत खाली येतो, तोच आपला झरा. वर डोंगर कापला की पाण्याची वाट मोडेल. तिने स्वतः काढलेला नकाशाही आणला होता. भावकीतल्या हैबतरावांनी विचारले, की आता पोरी आसरांचीही शाळा घेणार काय. ओसरी हसली. सारजाबाईंना तो हशा झोंबला, आणि राग निघाला नातीवर.

"चार बुकं शिकलीस म्हंजी आमाला पानी दावतीस व्हय? जा, चहा टाक."

साधनाने नकाशाची घडी केली आणि चहा टाकला.

या चैत्रात सारजाबाई नैवेद्य घेऊन झऱ्यावर गेल्या. आसरांना त्यांच्याच पाण्याने न्हाऊ घालायचे, म्हणून कळशी नेहमीसारखी रिकामीच नेली होती. माघापासून बारीक होत गेलेली धार आता पुरती आटली होती. शेवाळ वाळून दगडाला चिकटले होते. वर कापलेल्या डोंगरावर बंगल्यांच्या काचा चमकत होत्या. देवऋषीला विचारू या, असे कैलास म्हणाला.

"न्हाई. साधनाला बोलीव," सारजाबाई म्हणाल्या.

साधना रविवारी पुण्याहून आली. आपण सांगितले होते, असे एका शब्दानेही म्हणाली नाही. उकिडवी बसून तिने झऱ्याच्या तोंडची माती बोटांनी उकरली, उताराकडे बराच वेळ पाहत राहिली. आयुष्यात कोणाच्या शब्दासाठी न थांबलेल्या सारजाबाई तिच्यामागे कळशी धरून उभ्या होत्या.

"परत यील का गं?"

शहरात राहून साधनाची बोली पालटली होती. हे उत्तर मात्र तिने घरच्या बोलीत दिले.

"न्हाई, आजी."

सारजाबाई बांधावर टेकल्या. "त्या दिशी काय सांगत हुतीस? पयल्यापासनं सांग."

साधनाने काडीने कोरड्या गाळावर रेघ ओढली: माळ, मुरूम, खडक, झरा. सारजाबाई वाकून काडीच्या टोकाकडे पाहत ऐकत होत्या. ऊन चढल्यावर दोघी उठल्या. साधनाने कळशीला हात घातला, पण ती त्यांनी दिली नाही. रिकामी कळशी कमरेवर घेऊन त्या स्वतःच घराकडे चालू लागल्या.