साखरपुड्याचा फोन

त्या रविवारी वर्धमान चौगुले यांच्या सांगलीच्या घरात पोहे झाले होते, पण खायला अजून परवानगी नव्हती. आधी फोटो! थोरल्या लेकीच्या, समीक्षाच्या, नव्या फोनने घराला ही नवीच शिस्त लावली होती. साताऱ्याच्या धवलशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा साखरपुड्यात साडीबरोबर मुलाकडून हा फोन आला. हल्ली तशी रीतच पडलीय. ही रीत नक्की कुणाच्या सोयीची, हे मात्र कुणी विचारत नाही.

धाकटी, दहावीतली प्रीती नुसती जळत होती. तिच्या वाट्याला मामाने टाकलेला, काच तडकलेला फोन. त्यातलं सगळं पुसून तिने स्वतः नवी मोफत सिस्टीम घातली होती. अशा सिस्टीमचा कोड उघडा असतो, जगातल्या कुणीही आत डोकावून तपासावा. एकदा फोन बंद पाडून आणि एकदा रडून तिने हे जमवलं होतं. वर्गात तिचा केवढा रुबाब! पण कॅमेरा? कॅमेऱ्यात माणूस आणि म्हैस सारखीच दिसायची.

"आक्का, तुझ्या फोनात नको ती ॲपं भरल्यात. काढायला गेलं तर निघत न्हाईत. आपण विकत घ्यायचं आनी मालक भलताच!"

"सांगलीत राहून तुला द्राक्षं आंबट लागायला लागली व्हय गं?" समीक्षा हसली.

प्रीतीला पोहेसुद्धा कडू लागले. दुपारी समीक्षा फोन चार्जिंगला लावून स्वयंपाकघरात गेली आणि हिने तो उचलला. पॅटर्न ठाऊकच होता. एका पलंगावर झोपणाऱ्या बहिणींत काय लपतं? आवाज बंद केला, सायकल काढली आणि मैत्रिणींना घेऊन थेट हरिपूरचा संगम गाठला. वर्गातला जयराजही तिथे टपकला. काय फोटो आले! जयराजचे दातसुद्धा पांढरे दिसले.

इकडे घरी वर्धमान अण्णांचा फोन वाजला. धवल होता.

"अण्णा, समीक्षा कुठं हाय?"

"हितंच की. चपात्या लाटतीया."

"खोटं बोलू नका. ती हरिपूरला हाय. कोण पोरगं खिदळतंय तिच्यासंगं? मला ऐकू येतंय."

अण्णांनी स्वयंपाकघरात डोकावलं. समीक्षाच्या कोपरापर्यंत पीठ होतं. "आवं, ऐकू येतंय म्हंजे?" त्यांनी विचारलं. तोवर फोन बंद झाला होता.

संध्याकाळी धवल दारात उभा. प्रीती आईचा मार खाऊन कोपऱ्यात बसली होती. फोन तिने नेला होता हे कळल्यावर धवल हसला, पाणी प्यायला, आणि सगळं मिटलं असं मोठ्या माणसांना वाटलं.

प्रीतीला तसं वाटलं नाही. साताऱ्यात बसून ह्याला हरिपूरचं हसणं ऐकू आलं कसं? तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तो अण्णांच्या पुढ्यात धरला. "हे बघा. पडद्यावर न दिसणारं ॲप हाय. आक्का कुठं जाती, काय लिहिती, काय बोलती, सगळं ह्यांच्याकडं जातंय. फोन देताना घालूनच दिलंय."

"तू गप गं, लहान हायस." धवल म्हणाला. "काळजी वाटती म्हणून घातलंय. आमच्या वहिनीच्या फोनातबी दादानं घातलंय. ती कवा तक्रार करत न्हाई."

"नवरा हाय होणारा," आई मंगल हळूच म्हणाली. "काळजी करणारच की."

प्रीतीला हसावं की रडावं कळेना. ती एका कॅमेऱ्यावर जळली तर तिला मार बसला. हा माणूस होणाऱ्या बायकोच्या प्रत्येक पावलावर, कुणा पोराच्या नुसत्या हसण्यावर जळत होता, आणि त्याच्या जळण्याला घरात काळजी म्हणत होते!

समीक्षाने हात पुसले. "तुमचा फोन द्या बघू," ती धवलला म्हणाली. "मलाबी तुमची लय काळजी वाटती. तेच ॲप तुमच्यात घालूया."

"माझ्यात कशाला? मी काय बाई हाय का?"

समीक्षाने फोनमधलं सिमकार्ड काढलं, बोटातली अंगठी काढली, आणि फोनवर अंगठी ठेवून दोन्ही त्याच्यापुढे सरकवली.

"समीक्षा, आमंत्रणं गेल्यात गं!" आईचा आवाज फुटला. "आवं, सांगा की हिला."

धवल उठला. "उद्या बस्तीत देवदर्शनाला आलेले लोक विचारतील, पोरीचं लग्न का मोडलं. काय सांगणार?"

वर्धमान अण्णा आयुष्यभर 'लोक काय म्हणतील' याच एका प्रश्नाला भीत आले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "खरं सांगणार," ते म्हणाले. "तुझ्या काळजीसकट."

बातमी साताऱ्यात पोचायला वेळ लागला नाही. आठवड्याभराने मंगलच्या फोनवर अनोळखी नंबर आला. पलीकडची बाई धाकट्या मुलीशी बोलायचंय म्हणाली.

"प्रीती का? मी धवलभाऊजींची वहिनी." आवाज अगदी दबका होता. "शेजारणीच्या फोनवरनं बोलतीया, माझा घरात ठेवून आलीया. ते ॲप कसं शोधायचं गं? जरा लवकर सांग, मला परत जायचंय."