मी रेक्सची बहीण

मी रूबी. कॉकर स्पॅनिअल जातीची कुत्री. माझे लांब कान आणि सोनेरी केस बघून लोक मला नशीबवान म्हणतात. मी मात्र लहानपणापासून भीतीत जगते आहे.

माझा जन्म नगरच्या कॅम्पात, एका फौजी साहेबांच्या घरी झाला. आम्ही पाच भावंडं. साहेबांची बदली झाली तेव्हा मला आणि माझ्या भावाला, रेक्सला, आप्पासाहेबांनी नेलं. आप्पासाहेब श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. वसाहतीतल्या घरात ते आणि त्यांच्या पत्नी भागिरथीबाई, दोघंच राहत.

आमच्याबरोबर एक कागद आला होता. त्यावर आमच्या पिढ्यांची नावं होती, आणि तीच तीच नावं पुन्हा पुन्हा येत होती. येईल त्या पाहुण्याला आप्पासाहेब तो दाखवत.

"बघा, काका-पुतणी, भाऊ-बहीण, सगळं घरातल्या घरात. रक्तात बाहेरचा एक थेंब नाही."

भागिरथीबाई एकदाच म्हणाल्या, "आमच्या गावाकडं गाईचंबी असं करीत न्हाईत." आप्पासाहेब हसले.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. हिवाळ्यातच वसाहतीत टँकर येऊ लागला, आणि बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. आम्ही तेव्हा वर्षाचे होतो. नेमकी त्याच दिवसांत रेक्सला तहान लागली.

ती साधी तहान नव्हती. वाडगा चाटून कोरडा केला की तो न्हाणीघराच्या मोरीत जीभ घाली. थंडीनं अंग काकडत असतानाही प्यायचा. शेजारच्या साळूबाईंनी कुंपणावरून पाहिलं.

"मान्सं रांगेत उभी, आन कुत्रं बादल्या रिचवतंय," त्या म्हणाल्या.

आप्पासाहेबांना ते लागलं. त्यांनी रेक्सचं पाणी बांधून दिलं, सकाळी एक वाडगा आणि संध्याकाळी एक. ते कामावर गेले की भागिरथीबाई आपल्या तांब्यातलं त्याला ओतत. "पी बाबा, माझ्या वाट्याचं हाय," म्हणत.

मला मात्र वेगळंच कळलं होतं. आम्ही कुत्री एकमेकांना वासानं ओळखतो. कुंपणाच्या खांबाशी रेक्स मुतून जाई, आणि मी तिथं नाक नेलं तर वासच येत नसे. नुसतं पाणी. माझा भाऊ तिथून पुसला गेल्यासारखं वाटे. मग मी माझी जागा हुंगून बघू लागले. रोज सकाळी, सगळ्यात आधी. माझा वास आला की तेवढा दिवस निभावायचा.

पुढे रेक्स जेवेनासा झाला. उलट्या सुरू झाल्या. तोंडात फोड आले आणि श्वासाला असा वास येऊ लागला की मी त्याच्याजवळ झोपणं सोडलं. त्याची मला आजही लाज वाटते.

गुरांच्या छावणीवर नेमलेल्या म्हस्के डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी रेक्सची लघवी काचेच्या नळीत धरली आणि ओसरीवर स्पिरिटचा दिवा लावून तापवली. नासलेल्या दुधासारखी ती पांढरी झाली.

"याची मूत्रपिंडं गेली," डॉक्टर म्हणाले. "पाणी कमी तर केलं नाहीत ना?"

आप्पासाहेब उठले आणि रेक्सचा वाडगा काठोकाठ भरून घेऊन आले.

"पाण्यावरच तो तगला होता. हा आजार बहुतेक जन्मापासूनचा आहे. याच्या भावंडांची चौकशी करा."

पाचव्या दिवशी रेक्स गेला. शेवटी भागिरथीबाईंच्या मांडीवरून त्यानं माझ्याकडे मान वळवली. मी दारातच उभी राहिले.

फौजी साहेबांना पाठवलेल्या पत्राचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. आमची आई गेली होती. दोन भावंडंही. सगळी तहानेनं कासावीस होऊन. पत्र भागिरथीबाईंना वाचून दाखवल्यावर आप्पासाहेबांनी लगेच डॉक्टरांना निरोप धाडला.

डॉक्टर पुन्हा आले. आता नळीत माझी लघवी होती. दिव्यावर नळी फिरत होती, आणि तिघंही वाकून बघत होते. मी भागिरथीबाईंच्या पदराआड शिरले.

नळी स्वच्छ राहिली.

"आज ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "हा आजार बहुधा दोन वर्षांच्या आत दिसतो, तोवर दर महिन्याला बघू. पण हिला स्वतःला काही झालं नाही, तरी हिच्या पिल्लांत तो उतरू शकतो. आणि त्याच घराण्यातल्या नराशी जोडी लावलीत, तर फारच भीती."

वर्षभर दर महिन्याला तो दिवा लागला. दर महिन्याला नळी स्वच्छ निघाली. मी दोन वर्षांची झाले, आणि आप्पासाहेब निर्धास्त झाले. कारखान्यातल्या साहेबलोकांना त्यांनी पिल्लं कबूल केली होती. एका रविवारी पुण्याहून एक गृहस्थ नर घेऊन फाटकाशी आले. तो माझ्या आईचा भाऊ होता. त्याच्या अंगाला आमच्याच घरचा वास होता. माझी शेपटी पोटाशी गेली.

भागिरथीबाईंनी फाटकाची कडी धरून ठेवली.

"अगं, उघड," आप्पासाहेब म्हणाले. "होईलच असं डॉक्टर म्हणाले नाहीत."

"व्हनार न्हाई असंबी म्हनले न्हाईत. रेक्सच्या उलट्या मी पुसल्यात. तुमी कारखान्यात हुता."

आप्पासाहेब फाटकापासून मागे सरले. मग त्यांनी पाहुण्यांना बाहेरच खुर्ची दिली, चहा पाजला आणि हात जोडून परत पाठवलं. त्या महिन्यातच म्हस्के डॉक्टरांनी माझं ऑपरेशन केलं. आता मला पिल्लं होणार नाहीत.

मी अजून धडधाकट आहे. तरी खूप पळून आल्यावर पाण्यात जीभ घातली की मध्येच थांबते. ही उन्हाची तहान, की ती? मग भागिरथीबाईंकडे बघते. त्याही माझ्याकडेच बघत असतात.

तुम्ही कधी आमच्यासारखं पिल्लू आणायला गेलात, तर आधी त्याची आई दाखवा म्हणा. ती नसेल, तर कशानं गेली ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत पिल्लाला हातात घेऊ नका. एकदा घेतलं की खाली ठेववत नाही. भागिरथीबाईंनाही रेक्सला शेवटपर्यंत खाली ठेववलं नव्हतं.