वामनरावांचा पिढीनामा

कापसाच्या तेजीने वऱ्हाडात जमिनीबरोबर मानही महाग केला. हिवरखेडची पाटीलकी पूर्वी भाऊबंद एकमेकांच्या गळ्यात घालू पाहत. आता तिच्यासाठी महादेवराव आणि धाकट्या शाखेतले त्यांचे लांबचे चुलतभाऊ पंजाबराव अकोल्याच्या कचेरीत समोरासमोर उभे राहिले. महादेवराव थोरल्या शाखेचे, वामनरावांचे नातू. अडचण एवढीच होती, की वामनराव तरुणपणी घर सोडून गेले ते परतलेच नाहीत. ते कोठे गेले आणि त्यांचा वंश कोणता, याचा लेखी पुरावा कचेरीने मागितला.

ते रिद्धपूरला महानुभाव झाले, अशी गावात कुजबूज होती. महादेवरावांनी बैल जुंपले. अमरावतीपर्यंत रस्ता कापसाच्या बैलबंड्यांनी अडलेला, बडनेऱ्याजवळ रेल्वेच्या भरावासाठी माती पडत होती. पाचव्या दिवशी ते रिद्धपूरला पोहोचले. तेथील एका महानुभाव मठाच्या जुन्या यादीत नाव सापडले: वामन, हिवरखेडकर, संन्यास शके १७११. ज्याच्याविषयी घरात कोणी चकार शब्द काढत नसे, तो आजा अखेर हाती लागला. महादेवरावांचे डोळे भरून आले.

परतताना ते अकोल्यास नत्थुजी भाटाकडे उतरले. नत्थुजींच्या घराण्याकडे साठ गावांच्या वंशावळीची बही होती. तीत लिहिले होते: वामनजीस पुत्र पुंजाजी, शके १७१४. पुंजाजी म्हणजे महादेवरावांचे वडील. महादेवरावांनी दोन्ही नकला घेतल्या. नाव, गाव, कूळ चारचारदा ताडून पाहिले. वर्षे मात्र नुसती उतरवून घेतली. नाते नावाने ठरते, अशी त्यांची समजूत.

कचेरीत कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, बोटांवर वर्षे मोजली आणि मान वर केली. पंजाबरावांना आणखी काही लागले नाही.

"आजा गेला रिधपूरले अन् बाप आला तीन वर्सांनं," ते म्हणाले. "लय लांबची वाट दिसते."

ओसरीवर बसलेली माणसे हसली. महादेवरावांना आजी आठवली, सुभद्रा, जिने नवरा गेल्यावर सगळा जन्म खाली मान घालून काढला होता. ते तसेच उठून नत्थुजींच्या दारी गेले.

म्हाताऱ्याने सारे ऐकले. त्याला नवल वाटले नाही. त्याचे वाडवडील पाच-सहा वर्षांनी एकदा गावात येत. यजमान धोतर-पागोटे देऊन मान करी, तेव्हाच मुलांची नावे बहीत चढत.

"जनमाचं वरीस आमी कधी लिहिलंच नाही, पाटील. आमाले मान भेटला ते वरीस लिहिलं. तुमचा बाप तवा पाच वर्साचाही असंन."

"मंग हेच कचेरीत चालून सांगा."

नत्थुजींनी बही लाल फडक्यात गुंडाळून गाठ मारली.

"सांगतलं तं माह्या बहीतलं एकही वरीस खरं राहात नाही. साठ गावचे पिढीनामे हिच्यावर हायेत. तुमच्या एका घरासाठी किती घरं बुडवू?"

"माही आजी बदनाम होऊन राहिली, नत्थुजी."

"ते मले समजते," नत्थुजी म्हणाले आणि त्यांनी बही आत नेऊन ठेवली.

महादेवरावांनी कचेरीत एकट्यानेच ही रीत सांगितली. साक्षीदार मागितला गेला. पुंजाजींचा जन्म पाहिलेले माणूस आता कोणी उरले नव्हते. निकालात वामनराव निर्वंश ठरले आणि पाटीलकी पंजाबरावांकडे गेली. निकालाला जोडलेले दोन्ही कागद महादेवरावांनी स्वतःच्या हाताने दिलेले होते.

भाद्रपदात त्यांनी वडिलांचे श्राद्ध घातले. त्यांच्या पत्नी पार्वताबाईंनी नेहमीप्रमाणे साऱ्या भाऊबंदांचा स्वयंपाक केला. दुपार टळली तरी एकही भाऊबंद पानावर येऊन बसला नाही. पुरोहिताला या घरच्या तिन्ही पिढ्या तोंडपाठ होत्या. त्याने बापाचे नाव घेतले आणि थांबला.

"आज्याचं नाव?" खाली पाहत त्याने विचारले.