सशांच्या खोलीचं कुलूप

मी एक पितळी कुलूप आहे आणि आधीच सांगून टाकतो, माणसांवर माझा विश्वास नाही. तो असता, तर मला कुणी घडवलंच नसतं. कारखान्यात माझ्या पोटात लिव्हरच्या सहा पट्ट्या बसवल्या, तेव्हाच मला एक धडा मिळाला. किल्ली असेल तो आपला, बाकी सगळे चोर.

भोकरदनच्या एका दुकानातून परमेश्वरनं मला पिंपळगाव रेणुकाईला आणलं. तो टेम्पो चालवतो. त्याची बायको सत्यशीला घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ससे पाळते. पहिली तीन वर्षं मी तिच्या लोखंडी पेटीला होतो. पेटी खिडकीखाली, त्यामुळं अंगणातलं सगळं कानावर यायचं.

अंगण दोघी जावांचं सामाईक. थोरली आशाबाई. तिचं लहानपण बापाच्या मेंढरांमागं गेलेलं. जनावर नुसतं कसं उभं आहे ते बघून ती त्याचं दुखणं सांगायची. सशांच्या खोलीला तेव्हा नुसती कडी होती. आशाबाई रोज शेतातून घासाची पेंढी आणायची, कडी काढायची आणि ससे तिच्या पायांत घोटाळायचे.

गेल्या भादव्यात सत्यशीलानं एका फिरत्या व्यापाऱ्याकडून तपकिरी नर घेतला आणि आल्या दिवशीच सगळ्यांत सोडला. आशाबाई त्याच्याकडं बघत राहिली.

"सत्यशीला, ह्याचे डोळे मला बरे दिसून न्हाई राह्यले. चार दिस येगळा ठिव."

"दुसऱ्याचं चांगलं झालं की लोकायचेच डोळे दुखतेत, आक्का." सत्यशीला हसत म्हणाली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

नवव्या दिवशी नर मेला. पापण्या सुजून चिकटलेल्या, तोंड फुगलेलं, कानांच्या मुळाशी गाठी. आदल्या संध्याकाळी आशाबाईनं त्याला घास टाकला होता. सत्यशीलानं तेवढंच लक्षात ठेवलं.

"तिनं घासावर काहीतरी शिंपडलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "सशांचा वास येतो, वास येतो म्हणून महिनाभर कुरकुर चालू हाय तिची."

"वैनी असं करायची न्हाई."

"मंग मेला कशानं?"

त्याच दुपारी पेटीवरून माझी बदली सशांच्या दारावर झाली. किल्ली सत्यशीलानं मंगळसूत्रात अडकवली.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पेटीतल्या साड्यांवर कोण डल्ला मारणार होतं? इथं मात्र नाव घेऊन संशय घेता येईल असं माणूस समोरच राहत होतं. दुसऱ्या सकाळी आशाबाई पेंढी घेऊन आली. मला बघून थबकली. मग एक शब्द न बोलता ती पेंढी तिनं आपल्या शेळीपुढं टाकली. तिचं ते गप्प राहणंही मला खटकलं. मन साफ असतं, तर भांडली नसती का?

आत दोन माद्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पण माझं सगळं ध्यान दाराबाहेर. मागच्या खिडकीला मोठ्या भोकांची जाळी होती आणि खिडकीखाली न्हाणीचं पाणी साचलेलं. तिन्हीसांजेला डास आत यायचे, या सशाला चावून त्या सशावर बसायचे. डासाला मी चोर मानलंच नाही.

पाचव्या दिवशी सत्यशीला गिरणीला गेली होती. आशाबाई आली. इकडं तिकडं पाहिलं आणि मला मुठीत धरून हिसका दिला. सापडली, मी मनात म्हणालो! पण तिनं दुसरा हिसका दिला नाही. पत्र्याला कान लावून ती उभी राहिली. तेवढ्यात पिठाचा डबा घेऊन सत्यशीला परतली.

"कुलपाला हात कशाला लावला, आक्का?"

"आत कुणाचा तरी घसा घरघर करून राह्यलाय. किती दिस झाले?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला न्हाई गं काही करायचं. त्याला दम लागलाय."

मग आशाबाईनं तिथंच उभं राहून शेळीच्या डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर राजानंद दुसऱ्या सकाळी आले. सत्यशीलानं मला उघडलं. कुलूप लागल्यापासून अकरा सशांतले तीन मेले होते, पाच आजारी होते. डॉक्टरांनी हातमोजे घालून एकेकाच्या पापण्या, कान, शेपटीखालची सूज बघितली.

"साहेब, विषच हाय ना?" आशाबाईच्या दाराकडं बघत सत्यशीलानं विचारलं.

"विषानं अशा गाठी येत नाहीत, बाई. मला मायक्सोमॅटोसिसचा संशय आहे. सशांचा विषाणूचा आजार. डास, पिसवा एकाकडून दुसऱ्याकडं नेतात, जवळ राहूनही लागतो. मी तो पुस्तकात वाचलाय, प्रत्यक्ष कधी पाहिला नाही. म्हणून नमुना तपासल्याशिवाय नाव लावणार नाही. माणसाला होत नाही, पण विषाणू मारणारं औषधही नाही." मग त्यांनी विचारलं, "नवीन जनावर आणलं होतं? वेगळं ठेवलं होतं का?"

पहिल्या प्रश्नाला सत्यशीलानं मान डोलावली, दुसऱ्याला नकारार्थी हलवली.

"आणि आजारी, चांगले, सगळे एकाच खोलीत कोंडले?"

मी सत्यशीलाच्या मुठीत होतो. तिनं मला पदराआड घेतलं. कोंडलं तर मीच होतं.

त्यानंतर धावपळ झाली. चांगले ससे दुसरीकडं हलवले, मच्छरदाणी आणली, साचलेलं पाणी काढून दिलं. आजाऱ्यांचे डोळे सत्यशीला कोमट पाण्यानं पुसत बसायची. तरी आणखी चार गेले. परमेश्वरनं खोल खड्डा खणून, चुना टाकून ते पुरले.

तपासणीला पाठवलेला नमुना वाटेत उशीर होऊन खराब झाला. रोगाचं नाव पक्कं झालंच नाही. सत्यशीलानं तेवढाच धागा धरला.

"म्हंजे विष नव्हतं, हे तरी कुठं ठरलं?"

परमेश्वर पहिल्यांदाच चिडला. "कुलूप लावल्यावर सात मेले. त्यायला कोणी घास टाकला? किल्ली तर तुह्या गळ्यात व्हती!"

सकाळी सत्यशीला मला उघडून, किल्ली हातात घेऊन आशाबाईच्या ओट्यावर गेली.

"चुकलं माझं, आक्का. ही किल्ली तुमच्यापाशी ठिवा."

आशाबाई शेळीचं दूध काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"तुह्यापाशीच असू दे, बाई. उद्या अजून एक मेलं, तर पुन्हा माझ्याच दारात येशील."

तेव्हापासून मी त्या दाराच्या कोयंड्यात उघडाच लटकतोय. पोटातले लिव्हर गंजले. चार ससे वाचले, मच्छरदाणीत बरे आहेत. दोघी जावा एकमेकींशी बोलतात, हळदीकुंकवाला जातात, भाजीची वाटीही इकडून तिकडं जाते. पण आशाबाई सशांच्या दाराला हात लावत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. शेजारच्या माणसावरच्या संशयापायी मला विकत घ्यायला निघाल, तेव्हा आधी घरातल्या आजाऱ्याजवळ जरा बसा. मला फक्त बंद होणं येतं. तुमचा संशय खरा की खोटा, हे मला विचारू नका. मी प्रत्येक वेळी खराच म्हणेन.