बोटाच्या टोकावरचा देवमासा

मित्रांनो, मी एक जुनं ब्रेल पुस्तक आहे. माझ्यात शाई नाही, चित्रं नाहीत. जाड कागदावर टोचणीने एकेक ठिपका उठवून मला घडवलं. घडवणारा कामाच्या तंद्रीत गुणगुणत असे, म्हणून की काय, माझी गोष्टही जराशी गुंगीतच चालते.

वाचनालयाने मला काढून टाकलं, तेव्हा मावशीने घरी आणलं. मावशीला दिसत नाही. उजव्या हाताची तर्जनी हेच तिचे डोळे. दुपारी पडदे ओढून ती मला मांडीवर घेई. शेजारी तिची भाची डोळे मिटून पडे. तिला सगळे बडबडी म्हणत, पण गोष्ट ऐकताना ती चक्क गप्प! पुढचं पान आधी वाचायचं नाही, असा दोघींचा करार होता. माझ्या गोष्टीतला देवमासा पाठीवर अख्खं गाव घेऊन समुद्रात झोपलेला असे. मावशीचं मऊ बोट फिरू लागलं की मलाही पेंग येई.

मग थंडी आली. मावशी कढत पाण्याने आणि कपड्यांच्या साबणाने हात धुई. बडबडीची आई म्हणे, "अगं ताई, हात किती फुटलेत! मलम लाव."

"हातांना काय धाड भरलीय?" मावशी हसे. दुखणं अंगावर काढायची तिला सवयच.

एके दुपारी देवमासा कूस बदलणार, इतक्यात बोट अडखळलं. टोकाला भेग पडली होती. दुसरी बोटं लावून पाहिली, पण त्यांना अक्षरांचा सराव नव्हता.

"मावशी, पुढे काय झालं? गाव बुडालं?"

"डोळ्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही गं," मावशी म्हणाली, "पण आता बोटही आंधळं झालं." ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

बडबडीने कंबर कसली. कोमट पाणी, सौम्य साबण, हात टिपले की लगेच मलम, वर सुती कापडाची टोपी. एकदा घाईत तिने स्वतःचं मलमाचं बोट माझ्यावरच टेकवलं. तो तेलकट डाग अजून माझ्या अंगावर आहे. हळूहळू भेग भरली. पण तोवर कुणीतरी मला रजयांच्या ढिगाखाली आडवं टाकलं होतं. त्या ओझ्याने माझ्या शेवटच्या पानावरचे ठिपके पार बसले.

बडबडी तेव्हापासून कुठलाच ऋतू सोडत नाही. उन्हात निघताना मावशीच्या बाह्या खाली ओढते, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्या कोरड्या करते. "मावशी, हात दाखव!" हा तिचा रोजचा धोशा.

मित्रांनो, ऋतू बदलला की तुमची त्वचा कुरकुरते, तेव्हाच तिचं ऐका. ती पुन्हा भरून तरी येते. कागद भरून येत नाही. आणि मला कपाटात उभं ठेवा, एवढंच माझं मागणं.

गोष्टीचा खरा शेवट आता फक्त मला माहीत आहे. तो मी सांगणार नाही. मावशीचं बरं झालेलं बोट त्या सपाट पानावर पहिल्यांदा पोहोचलं, तेव्हा क्षणभर थांबलं. मग ती वाचतच राहिली. अजूनही ती दर वेळी देवमाशाला नव्या किनाऱ्याला नेते. बडबडी आता मोठी झाली आहे, तिला सगळं कळतं. तरी शेवटचं पान आलं की ती डोळे घट्ट मिटून घेते.