चिरुटांची खोली

धनलाल मालगुजाराला रावसाहेब व्हायचं होतं. धानाची बांधी, घोडा, बंदूक, दारात वाकून उभी राहणारी माणसं, सगळं होतं. नावाआधी सरकारी किताब लागत नव्हता, एवढीच खंत.

एकदा नागपूरला बड्या साहेबाच्या बंगल्यावर सलाम करायला गेला, तेव्हा त्याने चिरुटांची पेटी पाहिली. आतून देवदाराची. खानसाम्याने समजावलं, उंची चिरूट कोरड्या हवेत तडकतो, फार ओलीत त्याला बुरशी येते. हलकी ओल कायम हवी, आणि धुराचा, तेलाचा वास अजिबात नको. परतीच्या गाडीत धनलालच्या मनाने घेतलं, साहेबाकडे पेटी, तर आपल्याकडे खोली! माणूस चालत आत जाईल अशी. हिवाळ्यात डिप्टी कमिश्नर साहेब बोदलकशाच्या तलावावर बदकं मारायला येतात. शिकार झाली की त्यांना तिथे न्यायचं. पुढचं त्यांना आपोआप सुचेल.

घरात तशी खोली एकच होती, परसाकडची बाळंतिणीची. जाड भिंती, ना ऊन, ना वारा.

"कायले पायजे तुमाले थे खोली?" त्याच्या बायकोने, गोमतीने विचारलं. "रामकली पयल्या बाळंतपनाले येऊन राहिली."

"तिले मधल्या घरात ठेव. बाप रावसाहेब झाला का तिचाच मान वाढन."

"तुमी रावसाहेब होतवरी पोट थांबून राहीन का?"

धनलालने ऐकलं नाही. मनिराम सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "मालक, सागवान लावतो, जलमभर पाहा लागनार नाही." पण नागपूरच्या पेटीत सागवान नव्हतं. शेवटी गोंदियाच्या एका व्यापाऱ्याकडून विलायती मालाची रिकामी खोकी आणली आणि त्यांच्या देवदारी फळ्या भिंतींना ठोकल्या. एका फळीवरची इंग्रजी अक्षरं उलटी लागली. मनिराम ती काढायला निघाला, तर धनलालने अडवलं. इंग्रजी होती ना!

खाली फरशी आली, छताला झरोका पडला, वाळ्याचा ओला पडदा टांगला. ओल मोजायचं काट्याचं यंत्र कलकत्त्याहून आलं. शेगडी नेणं बंद झालं आणि हातपाय धुतल्याशिवाय आत जाणंही. मग कडेच्या मांडणीवर चिरुटांचे डबे लागले. धनलालने एक ओढून पाहिला आणि मोरीकडे धावला. तोंड पुसत बाहेर येऊन म्हणाला, "उंची माल आहे."

हिवाळ्यात डिप्टी कमिश्नर साहेब आले ते मेमसाहेबांना घेऊन. त्या जिल्ह्यातल्या आयाबाळांसाठी सभा घेत, आणि खेड्यातल्या बाळंतिणींच्या धुरकट खोल्या पाहून हळहळत. धनलाल पहाटेच तलावावर गेला. तो गेला आणि इकडे रामकलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मधल्या घरात साहेबासाठी टेबलखुर्च्या मांडलेल्या होत्या. गोमतीने कोणाला विचारलं नाही. बाज उचलून चिरुटांच्या खोलीत टाकली, डबे बाजेखाली सारले आणि रुख्मा सुईणीला बोलावणं धाडलं.

दुपारी धनलाल पाहुण्यांना परसात घेऊन आला. "हुजूर के वास्ते खास कमरा..." म्हणत दाराकडे हात केला, तोच आतून तान्ह्या बाळाचं रडणं आलं.

साहेब थबकले. दारात गोमती आडवी उभी.

"कोनी आत येऊ नोका. हातपाय धुतल्याबिगर तं नाहीच."

मेमसाहेबांना तेवढं कळलं. त्यांनी हात धुतले, जोडे काढले आणि आत गेल्या. स्वच्छ फरशी पाहिली, झरोका पाहिला, भिंतीवरचा काटा पाहिला. धुराचा मागमूस नाही. बाजेखालच्या डब्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "यह क्या है?"

"दवाई," गोमती म्हणाली. "मरद लोगों की."

बाहेर येऊन त्या साहेबांशी इंग्रजीत खूप वेळ बोलल्या. साहेबांनी धनलालचा हात हातात घेतला. "मालगुजार, मेमसाहेब कहती हैं, ऐसा जच्चाखाना पूरे जिले में नहीं। तुमने बताया क्यों नहीं?"

धनलालने गोमतीकडे पाहिलं. ती वर छपराकडे पाहत होती.

"छोटासा काम है, हुजूर," तो म्हणाला.

सनद आली. त्याला 'रावसाहेब' मिळालं, माता-बालकांच्या सेवेबद्दल. त्यासोबत हुकूमही आला, आसपासच्या गावांतल्या गरोदर बायांना तिथेच पाठवावं. खोली कधी रिकामी राहीना. चिरूट धानाच्या कोठीत वाळून चुरा झाले. गड्यांनी तो टेंभुर्णीच्या पानात वळून ओढून टाकला. शेजारचे मालगुजार मुद्दाम वाट वाकडी करून येत आणि विचारत, "का रावसाहेब, आज कितवी?"

मग मेमसाहेबांचा निरोप आला, भंडाऱ्याच्या सभेत रावसाहेबांनी बाळंतपणावर चार शब्द बोलावेत.

"बोलाचं तं का बोलू मी?" त्याने गोमतीला विचारलं.

"मले काऊन विचारता? आत बाई अडून राहिली. दाराशी बसा, आयका, थेच सांगा."

तो खरंच पायरीवर बसला. पहिल्या किंकाळीला उठला, दुसरीला परत बसला. रुख्माने आतून कढत पाणी मागितलं, तेव्हा गडी कोणी दिसेना म्हणून स्वतःच घंगाळ घेऊन धावला आणि धोतरभर पाणी सांडलं.

सभेत त्याच्या तोंडून एकच वाक्य निघालं, "लई तरास असते जी." आणि तो खाली बसला. साहेबलोकांना वाटलं, भाषण अजून व्हायचंय. मागे बसलेल्या बायांनी मात्र टाळ्या वाजवल्या.